बाबांच्या ट्रंकेतलं ‘बटण’ नक्की कशाचं? आणि तिथून ग्रिग्रीपर्यंत कसे आलो?

भटकी_मैना (पुणे)

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी माळा आवरताना बाबांची जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढली. बाबा साधारण ७८ ते ८९ पर्यंत सह्याद्रीत बरंच क्लाइंबिंग करायचे, मग लग्न, मग नोकरीतली बदली, मग गुडघा, आणि ट्रंक जी वर गेली ती गेलीच. आत चार-पाच गंजलेले पिटॉन (कातळाच्या फटीत ठोकायचे लोखंडी खिळे), हातोडा, वाळलेल्या वेलीसारखा ताठ झालेला नायलॉनचा दोर, वेल्डिंगवाले घालतात तसे चामड्याचे हातमोजे आणि एक गोल ॲल्युमिनियमची चकती. चकती माझ्या तळहातात मावते, जाड आहे, मधे शेजारी शेजारी दोन लांबट फटी, एका बाजूला स्प्रिंग बसवलेली आणि कडेच्या छोट्या भोकात बारीक दोरी ओवलेली. अगदी मोठ्या कोटाचं बटण वाटतं. बाबांना विचारलं तर म्हणाले, अगं ते आमचं बटणच, बिले द्यायचं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळायचं.

मी दीड वर्षापासून क्लाइंबिंगच्या वॉलवर जाते, लीड (पुढे होऊन दोर अडकवत चढणं) आता कुठे सुरू केलंय. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून ग्रिग्रीवरच (झटका बसला की दोर अडवणारं बिलेचं यंत्र) शिकवलं. मागच्या महिन्यात बाबा बघायला आले होते, मी मैत्रिणीला बिले देत होते, ती वर लटकून दम खात होती आणि मी ब्रेकचा, म्हणजे दोर धरलेला, हात सोडून केस बांधले. बाबा ओरडलेच, हात कुठाय तुझा. मी म्हटलं बाबा हे आपोआप लॉक होतं. त्यावर ते काही बोलले नाहीत पण घरी येईपर्यंत गप्प होते आणि ते गप्प बसणं मला लागलं.

तर विचारायचं हे की हे बटण म्हणजे नक्की काय, कोणी काढलं, त्याच्या आधी लोक काय करायचे आणि तिथून ग्रिग्रीपर्यंत गाडी कशी आली. आणि बाबा म्हणतात ते आज कितपत लागू आहे? मला खरंच समजून घ्यायचंय, त्यांच्याशी बोलायला निदान विषय तरी मिळेल.

जुना_कातळ (ठाणे)

मैना, आधी बाबांना माझा नमस्कार सांग. मी त्यांच्याच वयाचा असणार आणि कदाचित मुंब्र्याला किंवा कान्हेरीला आम्ही एकमेकांना पाह्यलेलंही असेल.

ते बटण म्हणजे स्टिच प्लेट. आम्ही तसंच म्हणायचो, खरा उच्चार कोणी जर्मनीवाला सांगेल. त्या काळी आपल्याकडे ती ज्याच्याकडे असेल तो मोठा माणूस. बाहेरून आलेल्या एखाद्या मोहिमेतल्या माणसाने जाताना दिली किंवा कोणाचा नातेवाईक परदेशातून आला तरच मिळायची, दुकानात जाऊन घ्यायची सोय नव्हती. त्यामुळे ती ट्रंकेत जपून ठेवलेली आहे याचं मला नवल नाही.

त्याच्या आधी काय, तर अंग. आपलं स्वतःचं अंग हाच ब्रेक. शोल्डर बिले आणि वेस्ट बिले, कोर्समध्ये दोन्ही शिकवायचे. शोल्डर बिलेत दोर काखेतून पाठीवरून खांद्यावर. त्यात झटका आला की माणूस पुढे वाकतो आणि एकदा वाकला की संपलं, म्हणून लीडसाठी आम्ही तो कधीच धरला नाही. वेस्ट बिलेत दोर कंबरेमागून जातो, एक हात क्लाइंबरकडच्या दोरावर, दुसरा ब्रेकवर. वरचा पडला की ब्रेकचा हात झटकन पोटासमोरून पलीकडे न्यायचा म्हणजे दोराचा वेढा वाढतो. हे वाचायला सोपं वाटतं. बसायची जागा, पाय कुठे रोवलेत, मागचा अँकर (आपल्याला कातळाशी बांधून ठेवणारा दोर) ताठ आहे का आणि तो कुठल्या बाजूला आहे, हे सगळं आधी बघावं लागतं, कारण ओढ उलट्या बाजूने आली तर कंबरेभोवतीचा वेढाच सुटतो.

८२ की ८३ सालची गोष्ट. एका सरावाच्या वेळी माझा मित्र शेवटच्या पिटॉनच्या वर सातआठ फुटांवर होता आणि हातातली पकड निघाली, आपला बेसाल्ट कसा असतो ते सांगायला नको, दिसतो घट्ट आणि हातात येतो. तो आला खाली. दोर माझ्या मुठीतून चार-पाच फूट पळाला आणि मग थांबला. चामड्याचे हातमोजे होते म्हणून तळहात वाचला, मोजा काढला तर आतून गरम, आणि शर्ट वर सरकला होता तिथे कंबरेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टा. तो पट्टा पुढे दोन महिने होता. मित्राला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तुझ्या बाबांचे ते मोजे टाकू नकोस हं.

म्हणून बाबा ओरडले. आमच्या पिढीला कोणी हात सोडलेला दिसला की पोटात गोळा येतो, त्यात रागाचा भाग नसतो.

घर्षण_०३ (नाशिक)

काकांनी लिहिलेल्या चार-पाच फूट दोर पळाला याच्यातच सगळं सार आहे, जरा लांबण लावतो पण वाच.

आधी हाताचं बघू. माणसाची मूठ पळत्या दोरावर साधारण २०-२५ किलोचीच ओढ धरू शकते. आणि वरून पडणाऱ्या माणसाची ओढ काही शे किलोची असते. मग हे जमतं कसं, तर वेढ्याने. गुराचं दावं खुंट्याला दोन वेढे दिले की बैल ओढतोय आणि पोरगं एका हाताने दाव्याचं मोकळं टोक धरून उभं असतं ना, तेच. गणितात हा संबंध साधा बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. घर्षणाचा गुणांक समजा ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्याला तुमची ताकद साधारण अडीच पट होते, पूर्ण वेढ्याला साडेसहा पट आणि दोन वेढ्यांना थेट चाळीसच्या वर. म्हणजे प्रत्येक वेढा आधीच्याला गुणतो. कंबर असो, प्लेट असो, फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकाराची धातूची कडी) असो की कॅरॅबिनरवरची (उघडझाप होणाऱ्या कडीवरची) गाठ असो, सगळे जण दोराला वाकवतात आणि मुठीला गुणतात. पण नीट लक्ष दे, मूठ शून्य असेल तर शून्याला कितीनेही गुणा, उत्तर शून्यच. तुझ्या बाबांचा मुद्दा गणितात एवढाच आहे.

आता पळालेल्या दोराचं. तीसच्या दशकापर्यंत दोर असायचे झाडांच्या तंतूंचे, मनिला हेम्प वगैरे. ते ताणतच नाहीत फारसे. त्यामुळे लीडर पडला आणि खालच्याने दोर घट्ट धरला तर दोरच तुटायचा नाहीतर माणसाची कंबर मोडायची, तेव्हा हार्नेसही (कंबरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) नव्हता, दोर सरळ कंबरेला बांधलेला. म्हणून तेव्हाचा नियम एकच होता की लीडरने पडायचंच नाही. हा नियम मोडून बघितला कॅलिफोर्नियात बर्कलीच्या पोरांनी. रिचर्ड लेनर्ड हा त्यातला म्होरक्या. बर्कलीत क्रॅगमाँट रॉक नावाचा छोटासा कातळ आहे, तिथे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ही मंडळी मुद्दाम उड्या मारायची आणि खालचा माणूस कंबरेवरून दोर धरायचा, पण एकदम नाही, आधी थोडा पळू द्यायचा आणि हळूहळू आवळत न्यायचा. त्यालाच डायनॅमिक बिले म्हणतात. पडण्याची ऊर्जा दोराने एका क्षणात सोसण्याऐवजी ती घर्षणात आणि थोड्या अंतरात वाटून टाकायची. रिक्षावाला चालत्या रिक्षेला ब्रेक मारताना चाक एकदम जाम करत नाही, तसं. पुढे याच लेनर्डने आर्नल्ड वेक्सलरबरोबर हे सगळं गणितात मांडलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. मनिला हेम्प यायचा फिलिपिन्समधून, ती बेटं जपानच्या ताब्यात गेली आणि अमेरिकन सैन्याला नायलॉनचा दोर वापरायला लागला. नायलॉन ताणतो. म्हणजे जे काम खालच्या माणसाच्या मुठीने करायचं होतं त्यातलं बरंच दोरच करायला लागला. १९५३ मध्ये जर्मनीच्या एडेलरिडने आत धाग्यांचा गाभा आणि वर विणलेलं कवच असा दोर आणला, आज आपण वापरतो तो त्याच घराण्यातला. आज सिंगल दोराच्या टेस्टमध्ये ८० किलोचं वजन टाकतात आणि पहिल्या झटक्याला १२ किलोन्यूटनपेक्षा (साधारण १२०० किलोपेक्षा) जास्त ओढ आलेली चालत नाही.

माझं मत असं की ब्रेकच्या यंत्रांचा इतिहास लिहिणारे दोराला विसरतात. दोर ताणायला लागला, लोक बिनधास्त पडायला लागले, आणि पडायला लागले म्हणून रोजच्या रोज कंबर भाजून घेणं परवडेना, तेव्हा कुठे धातूच्या ब्रेकची गरज लागली.

भटकी_मैना (पुणे)

बाप रे, केवढं लिहिलंत दोघांनी, खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं, कंबरेवरच्या पट्ट्याच्या इथे त्यांनी नुसतं हं केलं आणि शर्ट वर करून स्वतःची कंबर दाखवली. आता काही दिसत नाही म्हणा.

अजून दोन शंका. एक, ती स्प्रिंग कशासाठी? दोन, फटी दोन का? बाबांना विचारलं तर म्हणाले दुसरी फट आम्ही कधी वापरलीच नाही, माहीत नाही.

इझारकाठी (म्युनिक)

मी सोलापूरचा, गेली अकरा वर्षं इकडे. स्टिच प्लेटच्या गावातूनच लिहितोय म्हटलं तरी चालेल. आडनाव श्टिख्ट, माणसाचं नाव फ्रिट्झ श्टिख्ट, आणि ती विकायला आणली म्युनिकच्या सालेवाने, १९७० च्या आसपास. तुझ्याकडच्या चकतीवर नीट बघ, बहुतेक नाव कोरलेलं असेल.

स्प्रिंगचं उत्तर आधी. प्लेटमध्ये दोराचं वाकण घालून ते पलीकडे कॅरॅबिनरमध्ये अडकवायचं. ओढ आली की प्लेट जाऊन कॅरॅबिनरवर आपटते आणि दोर दोघांमध्ये चिमटला जातो. पडताना हेच हवं. पण वरचा माणूस चढत असताना तुला दोर सोडायचा असतो तेव्हाही ती प्लेट सारखी चिकटते, जाम होते, आणि लीडर वरून ओरडतो दोर दे दोर दे. स्प्रिंग प्लेटला कॅरॅबिनरपासून जरा लांब धरते, झटका आला की दबते. कडेच्या भोकातली दोरी हार्नेसला बांधायला, नाहीतर कॅरॅबिनर उघडल्यावर प्लेट दरीत.

दोन फटी दोन दोरांसाठी. आल्प्समध्ये लांब वाटांवर दोन बारीक दोर घेऊन चढायची पद्धत आहे, डावीकडचे पिटॉन एका दोरात, उजवीकडचे दुसऱ्यात, म्हणजे दोर वाकडातिकडा घासत नाही. उतरताना दोन्ही जोडून लांब रॅपल, म्हणजे दोरावरून खाली घसरत येणं. प्रत्येक दोराला आपली फट. बाबांकडे एकच दोर असणार तर दुसरी फट लागणार कशाला.

याच सुमाराला, म्हणजे सत्तरच्या दशकात, इकडे दुसरी एक गोष्ट पसरली जिला यंत्रच लागत नाही. स्वित्झर्लंडच्या वेर्नर मुंटरने लोकप्रिय केलेली गाठ, आपल्याकडे मुंटर हिच किंवा इटालियन हिच म्हणतात. एका कॅरॅबिनरवर दोर असा घालायचा की तो स्वतःवरच घासतो. जर्मनमध्ये तिला हाल्बमास्टवुर्फ म्हणतात, म्हणजे क्लोव्ह हिचची अर्धी, आणि पुढे सिखेरुंग म्हणजे बिले लावलं की झालं एचएमएस. तुझ्या हार्नेसवर जो नासपतीच्या आकाराचा मोठा लॉकवाला कॅरॅबिनर असेल ना त्यावर गोलात एच लिहिलेला बघ, तो हाच एच. ही गाठ नीट मागेपुढे पलटता यावी म्हणूनच तो आकार तेवढा रुंद. मुंटरचा एक गुण असा की ब्रेकचा हात कुठल्याही दिशेला असला तरी ती धरते, प्लेटमध्ये हात चुकीच्या दिशेला म्हणजे क्लाइंबरच्या दोराला समांतर राहिला तर ब्रेक जवळजवळ नसल्यासारखाच. अवगुण असा की दोराला पीळ पडतो, दोन रॅपलनंतर दोर जिलेबीसारखा.

पुढची पायरी नळीची. प्लेटला खोली दिली, ऐंशीच्या दशकात अमेरिकेत लोव कंपनीचा ट्यूबर आला, मग १९९३ च्या सुमाराला ब्लॅक डायमंडचं एटीसी. पूर्ण नाव एअर ट्रॅफिक कंट्रोलर, हवेत असणाऱ्यांची वाहतूक सांभाळणारा. स्प्रिंगची गरज संपली कारण नळी आपोआपच लांब राहते, दोर सुळकन सुटतो. बदल्यात प्लेटइतका करकचून ब्रेक लागत नाही. म्हणून नंतर एका बाजूला दाते आले, बारीक दोरांसाठी. बाबांना एटीसी दाखव, ते पाच मिनिटांत वापरायला लागतील, कारण आत तीच प्लेट आहे.

जर्मन अल्पाइन क्लब आज हॉलमध्ये लीड आणि टॉप रोपसाठी (दोर आधीच वरून आलेला असतो ते चढणं) सरळ ब्रेकला मदत करणारी यंत्रंच वापरा असं सांगतो. आणि २०१२ च्या युरोपियन स्टँडर्डमध्ये बिलेच्या यंत्रांचे दोन वेगळे भाग केलेत, एक हाताच्या ब्रेकवाल्यांचा, एक ब्रेकला मदत करणाऱ्यांचा. पण या दुसऱ्या भागालाही ते आपोआप चालणारं म्हणत नाहीत हे लक्षात घे. क्लबचे लोक प्रत्येक वेळी हेच सांगतात की मदत करणारं, आपोआप नाही. आमच्या हॉलमध्ये कोणी तू केस बांधलेस तसे बांधताना दिसलं तर शेजारचा अनोळखी माणूससुद्धा येऊन हात धरतो. त्यात कोणाला अपमान वाटत नाही.

सुळकेवाली (नाशिक रोड)

ग्रिग्रीचं मी सांगते कारण बारा वर्षं शिकवतेय आणि याच्यावरच सगळ्यात जास्त डोकं घालवलंय.

ग्रिग्री १९९१ मध्ये आली. फ्रान्समध्ये ग्रनोब्लजवळ क्रोल नावाचं गाव आहे तिथली पेट्झल. फर्नां पेट्झल हा मुळात गुहांमध्ये उतरणारा माणूस, त्या गावावरच्या देंत द क्रोल डोंगराच्या पोटातल्या गुहा तीस-चाळीसच्या दशकात त्याने आणि पिएर शेव्हालिएने धुंडाळल्या. गुहावाल्यांना तासन्‌तास एकाच दोरावर खालीवर करायचं असतं आणि अंधारात, चिखलात, दमलेल्या हातांनी, त्यामुळे हात सुटला तरी दोर अडेल असा डिसेंडर (दोरावरून उतरायचं यंत्र) त्यांनी आधीच काढलेला होता. ग्रिग्री ही त्याच विचाराची मुलगी. ग्रि-ग्रि म्हणजे पश्चिम आफ्रिकेत गळ्यात घालतात तो ताईत. नाव ऐकून लोक त्याला ताईतच समजायला लागले आणि तिथेच गडबड आहे.

उघडून बघ. आत एक वाटाण्याच्या शेंगेसारखा वाकडा तुकडा आहे, कॅम म्हणतात, तो एका खिळ्यावर फिरतो. दोर त्याच्याभोवती जातो. दोर हळू सरकला तर कॅम जागेवर राहतो, झटका बसला की दोरच त्याला फिरवतो आणि तो दोराला आतल्या पत्र्यावर दाबून धरतो. गाडीच्या सीटबेल्टशी लोक तुलना करतात, वरवर बरी आहे पण पूर्ण खरी नाही. सीटबेल्टला कोणी हात लावत नाही. कॅम फिरायला दोरावर खालच्या बाजूनेही थोडी ओढ लागते, आणि ती तुझ्या ब्रेकच्या हाताची. बहुतेक वेळा नुसत्या दोराच्या वजनानेही काम होतं, पण बारीक नवा गुळगुळीत दोर असेल, ओला असेल, क्लाइंबर हलका असेल आणि भिंतीवर घासत हळूहळू घसरला तर कॅम फिरेलच असं नाही. बहुतेक वेळावर माणसाचा जीव टांगायचा नसतो.

लोक कुठे चुकतात ते सांगते. एक तर दोर उलटा भरणं. यंत्रावर माणसाचं आणि हाताचं चित्र कोरलेलं असतं तरी रोज कोणीतरी उलटा भरतं, मग ते ब्रेक लावतच नाही. म्हणून बिले ऑन म्हणण्याआधी क्लाइंबरकडचा दोर एकदा जोरात हिसका मारून बघायचा, दर वेळी, विसाव्या वेळीसुद्धा. दुसरं, दोर पटकन सोडता यावा म्हणून अंगठ्याने कॅम दाबून धरणं, आणि नेमका त्याच क्षणी वरचा पडणं. घाबरलेला माणूस हातातलं घट्ट धरतो, सोडत नाही, म्हणजे कॅम आणखी दाबला जातो. तिसरं खाली उतरवताना. हँडल ओढलं की दोर सुटतो, वेग वाढला की माणूस घाबरून हँडल आणखी ओढतो. हे इतक्या ठिकाणी झालं की २०१७ च्या ग्रिग्री प्लसमध्ये हँडल जास्त ओढलं तर ब्रेक परत लागेल अशी सोय केली. यंत्र बनवणाऱ्यांनाही माणसाची भीती गणितात धरावी लागली, मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

आता घर्षण दादांच्या मुद्द्याकडे येते. प्लेट किंवा एटीसीमध्ये मोठ्या पडण्याला दोर थोडा घसरतो. ग्रिग्रीत फारच कमी घसरतो. वॉलवर बोल्ट पक्के, दोर ताणणारा, बिलेअर दोन पावलं पुढे उडी मारून झटका मऊ करतो, तिथे काही बिघडत नाही. पण आपल्या एखाद्या सुळक्यावर तू चाळीस वर्षांपूर्वीच्या पिटॉनवर किंवा चोकवर (फटीत अडकवायचा धातूचा तुकडा) लटकलेली आहेस, तिथे झटका जितका जास्त तितका तो पिटॉन निघायची भीती जास्त. म्हणजे क्रॅगमाँट रॉकवरच्या पोरांनी जो दोर मुद्दाम पळू दिला तो प्रश्न नव्वद वर्षांनी वानरलिंगी सुळक्यावर परत उभा राहतो.

मग सह्याद्रीत ग्रिग्री नको का? मी तर नेतेच. कारण आपल्याकडे दगड पडतात. लीडरच्या पायाखालून निघालेला दगड खाली बिलेअरच्या डोक्यावर किंवा हातावर आला तर एटीसीवरचा ब्रेक गेला, ग्रिग्रीवर निदान बऱ्याचशा वेळा राहील. दोन वर्षांपूर्वी माझ्याबरोबरच्या मुलाच्या मनगटावर नारळाएवढा दगड आला, हात लुळा पडला, ग्रिग्री होती म्हणून वरची मुलगी जागेवर राहिली. त्याच मोहिमेत उतरताना मात्र सगळ्यांनी एटीसीच वापरली कारण दोन पदरी दोरावर ग्रिग्री चालत नाही. म्हणजे हार्नेसवर दोन्ही असू देत.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिले दोन आठवडे मुंटर आणि एटीसीवर ठेवते, वॉलवाले कुरकुर करतात, करू देत. ग्रिग्री नंतर दिली की हात आपोआप दोरावर राहतो.

जुना_कातळ (ठाणे)

सुळकेवाली ताई, दंडवत. एक राहिलं, फिगर ऑफ एट. आपल्याकडे प्लेटपेक्षा जास्त तीच चालली, सगळ्या रॅपलिंगच्या कार्यक्रमांत तीच दिसायची, अजून दिसते. तिच्या आधी आम्ही बॉडी रॅपल शिकलो, दोर मांड्यांमधून, छातीवरून, खांद्यावरून पाठीत. ती पद्धत हान्स ड्युल्फर नावाच्या जर्मन पोराच्या नावाने ओळखतात, तो पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये गेला. पँटचं बूड फाटायचं आणि मानेवर कातडं सोलायचं. एट हातात आली तेव्हा आम्हाला पालखी मिळाल्यासारखं झालं.

पण मैना, एटवर लीड बिले देऊ नकोस, कोणी कितीही सांगितलं तरी. ब्रेक कमी लागतो आणि दोराला पीळ पडतो. आणि रॅपल करताना कड्याच्या ओठावरून उतरताना दोर एटच्या मोठ्या कडीवरून उलटून वर सरकला तर तिथे फास बसतो आणि माणूस अधांतरी लटकतो, वरही नाही आणि खालीही नाही. हे मी डोळ्यांनी बघितलंय, सोडवायला पाऊण तास गेला.

घर्षण_०३ (नाशिक)

त्या जुन्या प्लेटबद्दल एक सांगायचं राहिलं. धातूला वय तितकं लागत नाही जितकं दोराला लागतं. ट्रंकेतला दोर कपडे वाळत घालायलाच ठेव, त्याच्यावर कोणी लटकायचं नाही. प्लेटला चीर नाही ना, फटीच्या कडेला धारदार खाच पडली नाही ना एवढं नखाने चाचपून बघ. पण तिच्या फटी तेव्हाच्या जाड दोरांच्या मापाच्या, ११ मिलीमीटरच्या वगैरे. तुझा वॉलवरचा दोर साडेनऊचा असेल तर ब्रेक ढिला लागेल. वापरायचीच हौस असेल तर जमिनीवर, पिशवीत वजन भरून.

भटकी_मैना (पुणे)

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल संध्याकाळी सगळा धागा बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, साडेतीन चहा झाले.

मग त्यांनीच सुचवलं आणि आम्ही गच्चीत गेलो. माझा साडेदहाचा जुना दोर, पाण्याच्या टाकीच्या जिन्याच्या लोखंडी खांबाला वरून फिरवला, एका टोकाला सिमेंटच्या पिशवीत वाळू भरून बांधली, चाळीसेक किलो असेल. आधी बाबांनी मला कंबरेवरून धरायला लावलं, ते मोजे घालून. मोजे मला मोठे होतात. पिशवी सोडली तर दोर पळाला आणि मी धरेपर्यंत पिशवी जमिनीला टेकली. परत. तिसऱ्या वेळी जमलं, हात पोटासमोरून पलीकडे न्यायचा म्हणजे काय ते तेव्हा कळलं. मग बटण. मग एटीसी. बाबांनी एटीसी हातात घेऊन उलटीपालटी केली, दोर भरला आणि म्हणाले, अरे बटणच आहे की, नुसतं उंच केलंय. म्युनिकच्या दादांनी पाच मिनिटं म्हटलं होतं, एक मिनिटही लागलं नाही. शेवटी ग्रिग्री, आणि तिथे त्यांनी सुळकेवाली ताईंचा तो हिसका मारून बघायचा नियम मला तीनदा करायला लावला. पूर्ण वेळ माझा हात दोरावर होता आणि ते माझ्या हाताकडेच बघत होते.

आणि हो, चकतीवर सालेवा कोरलेलं आहे, घासलं गेलंय पण लागतंय वाचता. नखाने चाचपून बघितलं, चीर नाही. एका फटीची कड दोराने घासून घासून चकाकतेय, बोट फिरवलं की आरशासारखी गुळगुळीत. दुसऱ्या फटीवर कारखान्यातला मूळ रंग जसाच्या तसा आहे. बाबा म्हणाले, आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये दोर एकच होता ना.

शनिवारी ते वॉलवर येतायत, मला बिले द्यायला.